डेव्हिएशनवर पास झालेली मांडी

सर्जननी संदीपच्या उजव्या मांडीवर, बाहेरच्या बाजूला, दोन बोटं टेकवून हलकेच दाबलं. कातडीखालून काहीतरी वीतभर लांब सरकत गेलं. अर्धी भरलेली गरम पाण्याची पिशवी डुचमळते ना, तसं. मग त्यांनी एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, "क्लोज्ड डीग्लव्हिंग इंज्युरी."

मी म्हटलं, डॉक्टर, आम्हाला कळेल असं सांगा.

"हातमोजा ओढला की हातावरून निघतो. तशी कातडी आणि तिच्याखालची चरबी स्नायूवरून निघालीय. उघडी जखम असती तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. इथे कातडी फाटलेली नाही, म्हणून क्लोज्ड. वरून शाबूत आहे, आत थर सुटलाय. मधल्या पोकळीत रक्त आणि पाणी साठतंय."

टेबलावर आडवा पडलेला माझा नवरा म्हणाला, "डीलॅमिनेशन." आणि हसला.

मला त्याच्या डोक्यात पर्स घालावीशी वाटली. मोटरसायकलवरून पडल्याला तेरा दिवस झाले होते आणि तेराही दिवस "काही नाही, मुका मार आहे" हेच मी ऐकत होते.

हसण्याचं कारण सांगते. संदीप सिल्वासाजवळ सायलीतल्या एका कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. फरसाणाच्या, मसाल्याच्या पाकिटांसाठी प्लास्टिकची फिल्म तिथे बनते. दोन-तीन पातळ थर एकमेकांना चिकटवायचे. थर सुटला, आत बुडबुडा दिसला, की त्याला म्हणतात डीलॅमिनेशन, आणि तो रोल बाद. अकरा वर्षं हा माणूस बुडबुडे शोधायचा पगार घेतोय. घरात वेफर्सचं पाकीट आलं तरी खायच्या आधी चिमटीत चोळून बघतो.

सर्जन मात्र हसले नाहीत. म्हणाले, "कातडीला रक्त खालच्या थरातून मिळतं. ती सुटी राहिली तर हळूहळू मरते. काळी पडली तर कापून काढायची आणि दुसऱ्या मांडीची कातडी आणून लावायची. त्यात इन्फेक्शन झालं, तर पाय पुढे किती वाकेल हे मी सांगू शकत नाही." मग त्यांनी मांडीवरच्या एका जागेकडे बोट केलं. "आणि हा भाजल्याचा फोड कसला?"

तो फोड माझ्यामुळे आला होता. त्याचंही सांगते.

हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी, की गाडीवरून घसरलेला आणि एक्स-रे चांगला आला म्हणून फुशारक्या मारणारा माणूस तुमच्याही घरात असू शकतो. आम्हाला हे आधी कोणी सांगितलं नाही. निदान तुम्हाला तरी कोणी सांगितलेलं असावं.

संदीपकडे लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल आहे, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली. इथल्या कारखान्यांमधल्या सात-आठ जणांचा ग्रुप आहे, कोणी पुण्याचा, कोणी नाशिकचा, संदीप धुळ्याचा. रविवारी निघतात आणि कुठेतरी जाऊन मिसळ खाऊन येतात. निघण्यापूर्वी गाडीत काय काय तपासायचं याची बावीस कलमांची यादी संदीपने केलीय आणि प्रत्येकाला लॅमिनेट करून दिलीय. पहिलं कलम टायर. ग्रुपमध्ये हा नेहमी सगळ्यांच्या मागे असतो. शेवटच्या माणसाने बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं असतं म्हणे.

त्या रविवारी ते जव्हारहून परतत होते. खानवेल सोडल्यावर, खेरडीच्या आसपास, संदीप पडला. गाडी एकीकडे आणि हा डांबरावरून घसरत दुसरीकडे. बाकीचे पुढे निघून गेलेले. शेतातल्या लोकांनी त्याला उचललं, सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि टेंपोत घालून सिल्वासाला आणलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तो केसपेपरवर लिहून घेणाऱ्या सिस्टरला सांगत होता, "कुत्रा आडवा आला."

एक्स-रे काढला. हाड कुठेही मोडलेलं नव्हतं. खरचटलं होतं तिथे ड्रेसिंग झालं, दुखायच्या गोळ्या मिळाल्या, बर्फाने शेका म्हणून सांगितलं. संदीपने धुळ्याला आईंना फोन करून सांगितलं की काहीच झालेलं नाही, हेल्मेटलासुद्धा जास्त लागलंय. चौथ्या दिवशी हा कामावर हजर. कारखान्यात ऑडिट होतं आणि याच्याशिवाय ते पार पडणार नव्हतं.

आता कारखान्यातली एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. एखादा माल ठरलेल्या मापात थोडासा बसत नाही, पण गाडी दारात उभी आहे आणि गिऱ्हाईक खोळंबलंय. अशा वेळी क्वालिटी मॅनेजर एका कागदावर सही करतो, की दोष दिसला आहे पण चालून जाईल. याला "डेव्हिएशनवर पास करणं" म्हणतात. आपण अशी सही सहसा करत नाही, याचा संदीपला फार अभिमान.

मांडीच्या बाबतीत मात्र तो रोज संध्याकाळी सही करत होता. पाचव्या दिवशी सूज कमी व्हायची ती वाढली. "चालल्यामुळे असेल." सातव्या दिवशी पँट अडकायला लागली. "पँट जुनी आहे." नवव्या दिवशी म्हणाला, तिथे हात लावला तर कळतच नाही. "बरंय की, दुखत नाही."

आणि मीही शहाणीच. सूज आहे तर शेक द्यावा म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवली मांडीवर आणि कुकर लावायला गेले. त्याला चटका कळलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिथे रुपयाएवढा फोड. कातडी बधिर झाली होती, कारण तिला संवेदना देणाऱ्या बारीक नसा थराबरोबर तुटल्या होत्या. हे मला सर्जनकडून कळलं तेव्हा मी मान खाली घालून बसले.

म्हणून सांगते, नीट वाचा. मुका मार दिवसागणिक ओसरला पाहिजे. सूज वाढत असेल, दाबल्यावर आत पाणी हलल्यासारखं वाटत असेल, चिमटा काढलेला कळत नसेल, तर हाडांच्या डॉक्टरांकडे किंवा सर्जनकडे जा. एक्स-रेमध्ये हे दिसत नाही. त्याला सोनोग्राफी लागते किंवा एमआरआय. आणि बधिर जागेवर कुठलाही शेक देऊ नका.

एमआरआयसाठी आम्हाला वापीला जावं लागलं होतं. सकाळी नऊची वेळ दिली होती आणि आत घेतलं दुपारी दोनला. वेटिंग रूममध्ये गुजराती मालिका आवाज बंद करून लावलेली. त्या पाच तासांत मी चार वेळा विचारलं आणि चारही वेळा "बस, दस मिनिट बेन" ऐकलं. संदीपने दरम्यान तिथल्या माणसाला टोकनची पद्धत कशी सुधारता येईल हे समजावून सांगितलं. मशीनच्या दाराशी पोचेपर्यंत.

निदान झालं त्याच दिवशी सर्जननी ॲस्पिरेशन केलं, म्हणजे जाड सुईने साठलेलं पाणी ओढून काढलं. ट्रे भरून तांबूस पाणी निघालं. मग मांडीला रुंद, घट्ट कम्प्रेशन बाइंडर बांधला. दाबाखाली राहिले तर थर आपोआप चिकटतात. "चोवीस तास. झोपेतसुद्धा. फक्त अंघोळीपुरता काढायचा." संदीपने मान डोलावली. ऑफिसला जाऊ का विचारलं, तर पट्टा लावून खुशाल जा म्हणाले.

आठवड्याने दाखवायला गेलो तर मांडी पुन्हा भरलेली. पुन्हा सुई. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. सर्जन फोडाच्या जागेकडे बघत राहिले, तिथला रंग त्यांना आवडला नव्हता. "पट्टा नीट बांधताय ना?" त्यांनी विचारलं. "अगदी," संदीप म्हणाला. मीही हो म्हटलं, कारण घरात मी तो रोज बघत होते.

या सगळ्या काळात आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस फक्त कुत्र्यांबद्दल बोलायचा. आम्ही सामरवरणीला राहतो, सोसायटी मोठी आहे, माणसं उत्साही आहेत. मांडी कशी आहे हे एका वाक्यात विचारून झालं की कुत्र्यांवर अर्धा तास. माझा चहा आणि त्यांची मतं. सेक्रेटरी किरीटभाईंनी भटक्या कुत्र्यांविरुद्ध अर्ज तयार केला आणि त्यात पीडित म्हणून संदीपचं नाव सगळ्यांत वर घातलं. वॉचमनने काठी आणली. आमच्या गेटवर भुऱ्या नावाचा एक म्हातारा कुत्रा वर्षानुवर्षं पडून असायचा, तो कोणावर गुरगुरल्याचंही मला आठवत नाही. त्याला हाकलून रस्त्यापलीकडे घालवलं. संदीप हे खिडकीतून बघायचा आणि काही बोलायचा नाही. मला वाटायचं, दुखत असेल.

तिसऱ्यांदा पाणी काढलं त्या आठवड्यातल्या रविवारी मी स्कूटर घेऊन खेरडीला गेले. गाडीची एक पेटी त्या लोकांकडे राहिली होती. ज्यांनी आपल्या माणसाला उचललं त्यांच्याकडे तोंड दाखवायला मला एवढे दिवस लागले, याचीही लाज वाटत होती. मिठाईचा पुडा घेतला. विचारत विचारत घर सापडलं. काशीबेन नावाची, माझ्याच वयाची बाई. पेटी तिने पुसून, आत घडवंचीवर ठेवली होती.

मी आभार मानले आणि बोलता बोलता म्हटलं, काय करणार, कुत्रा मध्येच आला.

"कुत्रा? कोन कुत्रा?" ती म्हणाली. "नाय ताई. मी शेतात होते ना, पाह्यलं मी. मागल्या चाकाचा रबर सुटला. फटफट वाजला, गाडी नाचली, मंग भाई पडला."

तिने मला अंगणात नेऊन शेळ्यांच्या वाड्याचं फाटक दाखवलं. फाटकाला बिजागरी म्हणून काळ्या रबराच्या दोन पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या. तिचा नवरा त्या रस्त्यावरून उचलून घेऊन आला होता. तिसरा तुकडा छपरावर कौलाखाली दाबून ठेवला होता, तो तिने मला काढून दिला. हाताएवढा लांब. वरच्या खाचा नव्यासारख्या खोल होत्या. उलटी बाजू गुळगुळीत, जणू ती कधी कशाला चिकटलीच नव्हती.

मी घरी आले तेव्हा संदीप सोफ्यावर लॅपटॉप घेऊन ऑडिटची उत्तरं लिहीत होता. मी तो तुकडा लॅपटॉपवर ठेवला.

त्याने तो उलटा करून गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "फुगवटा शनिवारीच दिसला होता. गाडी धुताना. सुपारीएवढा. दाबून बघितला. म्हटलं, जव्हार जाऊन-येऊन निघेल, आल्यावर बदलू."

"आणि यादीत?"

"टिक केली."

टायर जुना होता, खाचा चांगल्या होत्या म्हणून बदलला नव्हता. हवा कमी होती, पेट्या भरलेल्या होत्या, रस्ता तापलेला होता. आतल्या धाग्यांच्या थरावरून वरचं रबर सुटत गेलं आणि शेवटी सालीसारखं निघालं. हे सगळं त्याने मला अगदी व्यवस्थित समजावून सांगितलं, कारणांसकट. ग्रुपला बावीस कलमं शिकवणाऱ्या माणसाचा टायर गेला हे कोणाला कळू नये म्हणून त्याने गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवायला लावली होती आणि कुत्रा जन्माला घातला होता.

मला रडू आलं, निव्वळ संतापाने. त्यात स्वतःवरचाही राग होता. तो पडला त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही दुधनीला गेलो तेव्हा मागच्या सीटवर मला खालून धडधड जाणवली होती, वेग वाढला की वाढणारी. मी विचारलं, तो म्हणाला रस्ता खराब आहे. रस्ता चांगला गुळगुळीत होता, हे मला दिसत होतं. पण पुढे सस्पेन्शनवर भाषण ऐकावं लागलं असतं म्हणून मी गप्प बसले. म्हणजे त्या कागदावर एक सही माझीही होती.

"अजून काय आहे ते आत्ताच सांग," मी म्हटलं.

त्याने बाइंडरला हात लावला. "हा मी प्लांटमध्ये काढतो. बसता येत नाही यात. घरी यायच्या आधी परत बांधतो."

त्याच्या कारखान्यात थर चिकटवलेले रोल गरम खोलीत ठेवतात. चिकटपणा मुरेपर्यंत त्या खोलीचं दार उघडायचं नाही. नव्या माणसाने ते उघडलं म्हणून संदीपने एकदा आख्खी संध्याकाळ माझ्यापुढे आरडाओरडा केला होता. आणि स्वतःच्या मांडीचं दार हा रोज आठ तास उघडं टाकून बसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सर्जनच्या दारात होतो. यावेळी सगळं संदीपनेच सांगितलं, टायरपासून पट्ट्यापर्यंत. मी मध्ये बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की ही किती मोठी गोष्ट आहे. सर्जननी फोडाची जागा पुन्हा बघितली. तिच्या कडेला आता काळसर झाक होती. "मी आज चौथ्यांदा सुई घालून तुम्हाला घरी पाठवणार होतो," ते म्हणाले. "आता थांबायचं नाही. उद्या ऑपरेशन."

इतक्या दिवसांत पोकळीच्या आत शरीराने कॅप्सूल तयार केली होती, म्हणजे गुळगुळीत अस्तर. ते असलं की थर चिकटतच नाहीत. मांडीला वर आणि खाली छोटे छेद घेऊन ते अस्तर खरवडून काढायचं, पोकळी धुवायची आणि क्विल्टिंग सूचर्स घालायचे. म्हणजे गोधडीला जसे जागोजागी टाके घालून थर धरून ठेवतात, तसे कातडीपासून स्नायूपर्यंत आतून टाके. सोबत एक ड्रेन, म्हणजे साठणारं पाणी बाहेर नेणारी नळी.

संदीपने विचारलं, मुरायला किती दिवस? सर्जन म्हणाले, सहा आठवडे. मी त्यांना गरम खोलीची गोष्ट सांगितली. तेव्हापासून ते राउंडला आले की एवढंच विचारायचे, "दार उघडलं नाही ना?"

ऑपरेशन दीड तासाचं सांगितलं होतं, तीन तास चाललं. थर सुटला होता तो वरून दिसत होता त्याच्या दुप्पट. पण खरी वाट बघणं त्यानंतर सुरू झालं. सर्जननी काळ्या झालेल्या जागेभोवती पेनने रेघ मारली. काळं रेघेच्या आत राहिलं तर कातडी जगली. बाहेर पसरलं तर काढायची.

रोज सकाळी ड्रेसिंग उघडलं की मी आधी ती रेघ बघायची. दुसऱ्या दिवशी एका बाजूने काळं रेघेला टेकलं. तिसऱ्या दिवशी केसभर ओलांडलं. त्या दिवशी मी सिस्टरवर, जेवण आणणाऱ्यावर आणि धुळ्याहून आलेल्या सासूबाईंवर, सगळ्यांवर ओरडले. सासूबाई फक्त म्हणाल्या, "ओरड माय, ओरड. पन दोन घास खाय." चौथ्या दिवशी ते तिथेच होतं. पाचव्या दिवशी सर्जननी कडेला बारीक सुई टोचली. आम्ही तिघं त्या टोकाकडे बघत होतो. लाल टिपूस आला.

"रक्त आहे," ते म्हणाले. "कातडी तुमचीच राहतेय."

संदीपला टोचलेलं कळलं नव्हतं, ती जागा अजूनही बधिर आहे. पण टिपूस बघून त्याने माझा हात धरला तो सिस्टरने बीपी घ्यायला सोडवेपर्यंत.

सहा आठवडे पट्टा निघाला नाही. ऑडिटची पुढची फेरी त्याच्याशिवाय पार पडली, आणि हे त्याला मांडीपेक्षा जास्त लागलं. शेवटच्या तपासणीत सर्जन म्हणाले, आता पाय वाकवायचे व्यायाम करा, ज्या दिवशी उकिडवं बसता येईल त्या दिवसापासून माझ्याकडे येऊ नका. संदीप घरी पलंगाचा कठडा धरून रोज प्रयत्न करायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. "टाके ओढतात." मग मी म्हणायची जोर लाव, तो म्हणायचा तू लाव, आणि आमची जुंपायची.

मागच्या रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग होती, खाली पार्किंगमध्ये. किरीटभाई कुत्र्यांचा अर्ज पुढे पाठवणार होते, सह्या बाकी होत्या. कागद संदीपपुढे आला. त्याने काठीवर भार देऊन तो पूर्ण वाचला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं नाव काढा. कुत्रा नव्हता. टायर होता, आणि मला तो आदल्या दिवशीच दिसला होता."

मग ग्रुपमधलाच तिसऱ्या मजल्यावरचा अभिजित म्हणाला, "सर, माझ्या मागच्या चाकावरपण थोडंसं काहीतरी आहे. बघता का?"

त्याची गाडी तिथेच उभी होती. संदीपने काठी माझ्याकडे दिली, चाकापाशी गेला, टायरवरून अंगठा फिरवत खाली खाली वाकला आणि एका जागी थांबला. तो उकिडवा बसला होता. त्याला पत्ता नव्हता. मी हाक मारली नाही, मारली असती तर लगेच मांडी धरून उठला असता.

"हे घेऊन बाहेर पडायचं नाही," तो म्हणाला.

"चालेल हो सर, आज फक्त वापीपर्यंतच जायचंय," अभिजित म्हणाला.

संदीपने बसल्या बसल्या हाफ पँट वर सरकवली आणि मांडी त्याच्यापुढे केली. काळपट डाग, आणि गोधडीसारखे ओळीने खड्डे. अभिजितने किल्ली खिशात टाकली आणि वापीला जायला माझ्याकडे स्कूटर मागितली.